आत्म्यांचा सोमवार

संध्याकाळ झाली की गल्लीतली एकूण एक खिडकी उघडायची आणि एकूण एक रेडिओ सुरू व्हायचा. काटा पार शेवटच्या टोकाला, जिथे एरवी नुसती खरखर असते. तिथून आता मेलेले बोलायचे. सलूनच्या माडीवर राहणाऱ्या महाराजांनी म्हणे त्यांच्यासाठी आकाशात दार उघडलं होतं. सरकारी परवाना नव्हता, पण परलोकाला कसला आलाय परवाना?

"शांतता राखा! आत्मा फार लांबून येतोय!" महाराज गॅलरीतून ओरडत. खाली गर्दी हात जोडून उभी. मग आत्मा यायचा, सर्दी झाल्यासारखा बोलायचा आणि जाताना महाराजांच्या सेवेची आठवण करून द्यायचा.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना या सगळ्याचं हसू यायचं. त्यांच्या विधवा ताईने इन्सुलिन सोडलं, तेव्हा ते हसू पळालं.

"हे स्वतः म्हणाले," ताई म्हणाली. "'सुया टोचून घेऊ नकोस, मी वरून सांभाळतो.' कपाटातली निळी शालसुद्धा आठवली त्यांना."

"शाल कुणाला दाखवली होतीस?"

"कुणाला नाही. सलूनवाल्याच्या बायकोला फक्त."

"ताई, भाऊजी जिवंतपणी साधं दूध आणायला विसरायचे. मेल्यावर एवढी स्मरणशक्ती?"

"तुला मत्सर वाटतो," ताई ताट सारून उठली. "तुझ्याशी बोलायला वर नाही कुणी आणि खालीही नाही."

बाईंना ते फार लागलं. तरी त्या भांडल्या, त्यांनी विनवलं, डॉक्टरांना घरी आणलं. पालथ्या घड्यावर पाणी! ताई दिवसेंदिवस सुकत चालली, सारखी पाणी पिऊ लागली. भक्त म्हणाले, शरीर शुद्ध होतंय.

सोमवारी मात्र मेलेले बोलत नसत. आत्म्यांचं मौनव्रत, असं महाराज सांगत. अशाच एका सोमवारी शाळेतून येताना बाईंनी वर पाहिलं. सलूनला सुट्टी, म्हणून मालकिणीने आठवड्याचे टॉवेल धुऊन गच्चीतल्या तारेवर वाळत घातले होते. तार तांब्याची होती. कपडे वाळवायला तांब्याची तार कोण बांधतं? तिचं एक टोक रेडिओच्या एरियलसारखं सरळ महाराजांच्या माडीत शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींचा आत्मा यायचा होता. ताई पुढे खुर्चीवर बसली होती, मांडीवर रेडिओ. बाई भिजलेली चादर घेऊन गच्चीत चढल्या.

"लाडके..." आत्मा म्हणाला. बाईंनी चादर तारेवर टाकली. खर्रर्र! उचलली. "...सुया नको गं." पुन्हा टाकली. खर्रर्र!

"लोकहो, आत्म्याला ओली चादर बाधते!" बाई वरून ओरडल्या आणि चादर ओढून घेत खाली माडीत घुसल्या. आत प्रसारणाचं यंत्र होतं आणि त्यापुढे महाराजांचा मेहुणा, म्हणजे खुद्द सलूनवाला, तोंडावर रुमाल धरून बसला होता. माईक चालूच होता. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक रेडिओतल्या मयताने एका सुरात गयावया केली, "बाई, पोलिसांत नका जाऊ, लायसन नाही हो! बायको घरोघरचं सांगते, मी नाक दाबून बोलतो. डोकं सगळं या महाराज मेहुण्याचं!"

गल्ली खदाखदा हसली. मग काल पाया पडणाऱ्यांनीच महाराजांना जिन्यात गाठून तुडवलं. त्या गोंधळात ताई खुर्चीवरून कधी कलंडली, हे कुणी पाहिलंच नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ताई शुद्धीवर आलीच नाही.

भेटायला आलेली शेजारीण पदर चाळवत बाईंजवळ सरकली. "बाई, हा महाराज लबाड निघाला, मान्य. पण दुसरा कुणी खरा असेल, तर ताई येतील का हो रेडिओवर?"

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "ती मेली. सुई घेतली असती तर आत्ता तुम्हाला चहा देत असती. मेलेले बोलत नाहीत, कुणाचेच नाहीत. तुमच्या नवऱ्याची ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे ना?"

शेजारणीने मान खाली घातली. "सासरे नको म्हणाले होते... रेडिओवर."

"मग इथे रडत बसू नका. घरी जा आणि आधी गोळी द्या."