वखरावरचं लेकरू

आमच्या घरात लेकरांना बैलांच्या वखरावर बसवायची जुनी रीत. वखर जमिनीत नीट बसावा म्हणून वजन लागतं, आणि लेकराची हौसही फिटते. मी बसले, माझा धाकटा भाऊ ललितही बसला. आमचे बाबा, डोमाजी, सांगायचे, "बैल लेकरू पाहून थांबते." थांबायचेही.

बैल गेले, छोटा ट्रॅक्टर आला. शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेत ओळींमधलं तण काढायला ललितनं त्याच्या मागे रोटाव्हेटर जोडला, गरागरा फिरणाऱ्या पात्यांचा. रीत मात्र तीच राहिली. शेवटच्या फेरीला त्याची पाच वर्षांची हर्षा मडगार्डवर आणि तीन वर्षांचा संगू बापाच्या मांडीवर. अमरावतीहून आले की मी भांडायची.

"लल्या, पडलं एखादं त?"

"ताई, मी हाय ना संगं. तू बी त वखरावर बसली होती!"

पालथ्या घड्यावर पाणी. आणि भीती काय, तर पडायची. ट्रॅक्टरचा आवाज आला की त्याच्याकडे पळत सुटायचं, हे आपणच लेकरांना शिकवून बसलोय, ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतरची संध्याकाळ. ललितच्या अजून दोन ओळी बाकी होत्या. आवाज धुऱ्याजवळ, शेताच्या बांधापाशी आला तसं हर्षाला वाटलं, आता आपली फेरी. ती झाडांमधून, मागच्या बाजूनं पळत गेली. ललित एक वाकलेली फांदी चुकवायला ट्रॅक्टर मागे घेत होता. पाती चालूच होती.

मी अमरावतीत दवाखान्याच्या फाटकात उभी होते. हर्षाला घेऊन निघालेली गाडी मोर्शीपर्यंतच आली. पुढे यायची गरज उरली नाही. फोनवर माया, माझी भावजय, नुसतीच "ताई, ताई" करत होती. मी तिथेच फुटपाथवर बसून रडले.

भेटायला येणारा जो तो म्हणे, नशिबात होतं. शेवटी माझं डोकं फिरलं. "नशिबाले काहून नावं ठेवता? ट्रॅक्टर काय नशीब चालवून राहिलं होतं?" भिंतीशी ललित बसला होता. त्या दिवसापासून तो कुणाशी एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं मान खाली घातली, आणि माझी जीभ झडली असती तर बरं, असं मला वाटलं.

संगू रोज हर्षाबद्दल विचारायचा, ताई कुठं? आमची आई, दुर्गाबाई, त्याला सांगायची, "फिरायले गेली, बाबू. येईन."

बागेत तण कमरेएवढं वाढलं. शेवटी शेजारचे देवीदासभाऊ आले, म्हणाले, मी काढून देतो. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. संगू अंगणात जेवत होता. हातातला घास टाकून, दोन्ही हात वर करून तो धावत सुटला. माया किंचाळली. ललित कसा उठला, कसा पोचला, कळलं नाही. त्यानं मागच्या चाकाजवळून पोराला उचललं. देवीदासभाऊंनी घाईघाईनं इंजिन बंद केलं.

संगू हातपाय झाडत रडायला लागला. "सोडा मले! ताई फिरायले गेली, मले बी ताईकडं जायचं हाय!"

"हाव बाबू, उद्या जाऊ," आई म्हणाली.

"नाई."

ललित बोलला होता. तो मातीतच बसला, संगूचं तोंड त्यानं दोन्ही हातांत धरलं. "ताई फिरायले नाई गेली, बाबू. ताई मेली. ह्याच ट्रॅक्टरखाली मेली. मीच चालवून राहिलो होतो. हा चालू असला का इकडं यायचं नाई. मी बलावलं तरी यायचं नाई."

आई पदर तोंडात कोंबून रडत होती. संगू मात्र बापाच्या हातांतून हळूच सुटला आणि मायाच्या मागे जाऊन उभा राहिला.

आता घरात ललितनं साधी हाक मारली तरी संगू आधी मायाकडे पाहतो. मला बघवत नाही. ललित म्हणतो, "राहू दे, ताई. बराबर हाय त्याचं."