उत्थानबाबांचा वाढता खांब

रविवारी सकाळी त्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल असे बडवत होते की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. मधोमध गालिचा अंथरलेला ओटा आणि ओट्यातून वर आलेला कमरेइतका काळा, गुळगुळीत, माथ्याला गोल खांब. आकार कशाचा, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बायका माना खाली घालत होत्या, पुरुष उगाच खाकरत होते.

एक बाई पुढे झाली आणि तिने खांबाला मिठी मारली. उत्थानबाबांनी हात उंचावला. खांब सावकाश, चांगला वीतभर वर आला! गर्दीने एकच आरोळी ठोकली.

"पाहा, पाहा!" बाबा गरजले. "हा आदिस्तंभ! इजिप्तने पूजला, ग्रीकांनी दारोदार उभा केला, रोमच्या आयांनी लेकरांच्या गळ्यात बांधला. सगळ्या जगाचे पूर्वज काय खुळे होते? शुद्ध कूस ओळखून हा वर येतो, पापी कुशीपुढे गप्प राहतो. विचारा विज्ञानाला, दगड कसा वाढतो? डोकं खाजवत बसेल विज्ञान!"

मी संग्रहालयात जुन्या वस्तू सांभाळते. मला चीड आली ती बाबा खोटं बोलत होता म्हणून नव्हे, अर्धवट खरं बोलत होता म्हणून. ग्रीक लोक दारात आणि चव्हाट्यावर असे खांब खरोखर उभारत. वर देवाचं डोकं आणि खाली कोरलेलं लिंग. रोमन मुलांच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून लिंगाच्या आकाराचे ताईत असत. इजिप्तचा मिन नावाचा देव तर ताठ लिंगासहच कोरलेला आहे, पीक भरघोस यावं म्हणून. जीव कुठून येतो हे त्या माणसांना कोडं होतं आणि कितीतरी लेकरं पाळण्यातच जात होती. जे चिन्ह समोर दिसलं त्याला त्यांनी हात जोडले. त्यात हसण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही नाही. पण त्यांच्या खांबाला वरून खालपर्यंत साच्याची रेघ नव्हती! हा आदिस्तंभ सांडपाण्याच्या पाइपात सिमेंट ओतून, वर काळा रंग फासून घडवलेला होता. त्या शेडमध्ये पूर्वी मोटारी धुवायचे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण भक्तीला इतिहासाचं वावडं असतं.

मी तिथे गेले होते ती वहिनीसाठी.

माझी वहिनी दातांची डॉक्टर. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नाही. तिने स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, कशातही खोट निघाली नाही. दादाने मात्र "मला काय झालंय?" म्हणत एकही केली नाही. मग आईने तिला बाबाकडे नेलं. पहिल्याच भेटीत वहिनीने सरळ विचारलं, "ओट्याखाली काय आहे?" झालं! खांब जागचा हलला नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. बाबांनी भरगर्दीत निकाल दिला, "ही कूस दगड आहे. घरात दुसरी आणा."

आईने तो निकाल घरी आणला. "आणखी एकदा बघू. तिसऱ्यांदाही खांब उठला नाही, तर तिने माहेरी जावं." दादा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला.

"वहिनी, अगं तू डॉक्टर आहेस!" मी त्या दिवशी स्वयंपाकघरात तिच्यावर चिडले होते.

"लोकांच्या तोंडातली कीड मला लगेच दिसते," ती भांडी पुसत म्हणाली. "पण सहा वर्षं रोज तेच ऐकलं ना, की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. तू ये माझ्याबरोबर. एकटीने तिथे उभं राहवत नाही."

म्हणून मी आले होते. आधीची बाई आनंदाने रडत बाजूला झाली, खांब खाली बसू लागला, आणि तेवढ्यात शिष्याने वहिनीला पुढे ढकललं. तिने मिठी मारली. कान खांबाला टेकला. बाबांचा हात खालीच होता. गर्दीत कुजबुज सुरू झाली, आईने कपाळावर हात मारला.

वहिनी बाजूला होईना. मग तिने मान वर केली. पेशंटला 'आ करा' म्हणताना तिचा चेहरा असतो ना, अगदी तसा होता.

"ढोल थांबवा," ती म्हणाली.

"ढोल हा देवाचा श्वास आहे!" बाबा ओरडले.

"मग देवाला घटकाभर दम खाऊ द्या." ती ओट्यावर चढली आणि ढोलवाल्याच्या हातातली टिपरी तिने सरळ काढून घेतली. दुसरा ढोलवाला आपोआप थांबला. शेडमध्ये शांतता पसरली, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून आवाज आला, घर्रर्र... घर्रर्र...

"हा कुणाचा श्वास?" वहिनीने विचारलं.

उत्तराची वाट न बघता ती दाराजवळच्या बेसिनपाशी गेली, साबणाचा ओंजळभर फेस घेऊन आली आणि खांबाच्या बुंध्याभोवती तिने तो लिंपला.

"अपवित्र हात लावू नकोस!"

"साबणाने धुतलेत. आणखी किती पवित्र करू?"

लोक हसले. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. हसू थांबवायला त्यांना एकच युक्ती सुचली, रोजचीच. त्यांनी हात उंचावला. खांब वीतभर वर आला आणि बुंध्याशी फेसाचे बुडबुडे फुगले, फुटले, पुन्हा फुगले.

"अरे वा!" वहिनी म्हणाली. "आत्तापर्यंत दगड असलेली कूस साबणाने शुद्ध झाली?"

मी तोवर भिंतीतलं बारकं दार ढकललं होतं. आत एक शिष्य भिंतीच्या भोकाला डोळा लावून उभा होता आणि त्याचा पाय एका पेडलवर होता. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. मी दार सताड उघडलं. सगळ्यांनी पाहिलं. दोघातिघांनी गालिचा उचकटला, फळ्या काढल्या. खाली तेलकट पोलादी दांडा होता, मोटार वर उचलायचा. त्यावर पट्टी होती, 'कमाल भार दोन टन.'

"माझ्या दवाखान्यात खुर्चीमागे असाच कॉम्प्रेसर आहे," वहिनीने शांतपणे सांगितलं. "नळी गळली की मी साबण लावूनच शोधते. हवा तेलाला ढकलते, तेल दांड्याला, दांडा या सिमेंटच्या ठोकळ्याला. हवा सोडली की फुस्स करून खाली. ते ऐकू येऊ नये म्हणून ढोल. बाबांचा हात वर, की आतला पाय खाली."

"देव यंत्रातही असतो!" बाबा अजून किल्ला लढवत होते.

"मग 'दुसरी आणा' हेही त्या यंत्रानेच सांगितलं का?" गर्दीतून एक बाई ओरडली. तिच्यासाठीही खांब कधी उठला नव्हता, हे नंतर कळलं.

एक म्हातारा कळवळून म्हणाला, "पण माझ्या सुनेला मूल झालं ना!"

"काका, शेकडो जोडपी येऊन गेली," मी म्हटलं. "त्यातल्या काहींना होणारच होतं. ती पेढे घेऊन परत आली. ज्यांना झालं नाही, ती तोंड लपवून घरी बसली. तुम्ही फक्त पेढे मोजलेत."

कुणीतरी बोलावलेले पोलीस आले तेव्हा बाबा कॉम्प्रेसरमागे सापडले.

आम्ही घरी आलो. दारात वहिनी दादाला म्हणाली, "उद्या तुझी तपासणी. नको असेल तर तसं सांग. पण मग माहेरी जा म्हणायला माझ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही."

आई चपला काढता काढता थबकली. "जाईल तो," ती पुटपुटली. "मी पाठवते."

दादा गेला. दोष त्याच्यात निघाला. अंडकोशात एक फुगलेली शीर होती, छोटी शस्त्रक्रिया झाली. मूल होईलच अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही. खरा डॉक्टर हमी देत नाही, हीच त्याची ओळख. पण वहिनी आता घरात मान वर करून वावरते.

मूल होत नसेल तर दोघांनी तपासणी करा, आणि आधी पुरुषाची करा, कारण ती सोपी असते. पुरातन लोकांनी दगडात पुरुषत्व कोरलं, कारण त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. तुमच्या गल्लीच्या टोकाला प्रयोगशाळा आहे. तिथे जायला लाज वाटते आणि सिमेंटच्या लिंगाला भरगर्दीत बायकोने मिठी मारलेली चालते, तर खोट शिरेत नाही, अकलेत आहे.