लंगडीचं काम

लातूर वेगळा जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि पाऊस रुसून दुसरं. नळाला पाणी नव्हतं. पण नव्या जिल्ह्याला सगळंच पहिल्यांदा करून दाखवायचं होतं, म्हणून अपंगांचा पहिला कला महोत्सवही ठरला. समितीचे अध्यक्ष अमृतराव. माणूस मनानं चांगला. अपंगांचं नाव काढलं की त्यांचे डोळे भरून येत, आणि डोळे भरले की समोरचा काय म्हणतोय ते त्यांना ऐकू येत नसे.

उदगीरची उमादेवी या महोत्सवात आली ती नाटकासाठी. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय वाळला होता. काठी टेकत, अंग एका बाजूला झोकून ती चालायची. पोटासाठी ब्लाउज शिवायची, पण जीव नाटकात. मठाच्या उत्सवात तिनं पाटलीण केली होती, कजाग सासू केली होती, एकदा तर यमही. त्यामुळे नाटकातली मुख्य बाई लंगडी आहे असं कळल्यावर तिला वाटलं, हे काम आता आपल्याशिवाय कुणाला जाणार?

ते गेलं कचेरीतल्या एका साहेबांच्या बायकोला. अमृतरावांनी उमादेवीला मायेनं समजावलं, की लंगड्या बाईनं लंगडीचं काम केलं तर त्यात अभिनय तो काय राहिला? शिवाय शेवटी साधूच्या कृपेनं पाय बरा होतो आणि ती नाचते. ते काही तुला जमायचं नाही. मग तिला पडद्यामागून संवाद सांगायला बसवलं. साधूचं काम मात्र उदगीरच्याच मकसूदला मिळालं. त्याचा उजवा हात तेलाच्या गिरणीत गेला होता, पण कफनीत ते दिसत नव्हतं.

तालमी सुरू झाल्या. बाईसाहेब कधी डाव्या पायानं लंगडायच्या, कधी उजव्या. शेवटी अमृतरावांनी उमादेवीला चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. बाईसाहेबांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, एवढं कुणी लंगडत नाही, खोटं वाटतं. उमादेवी पुन्हा पडद्यामागं जाऊन बसली. संध्याकाळी मकसूदला हे सांगताना मात्र तिला आधी हसू आलं, मग रडू.

महोत्सवाच्या दिवशी बाईसाहेबांच्या गल्लीत टँकर आला. रांग सोडून येता येणार नाही, असा त्यांचा निरोप आला तेव्हा मुंबईचे पाहुणे समोरच्या कोचावर येऊन बसलेसुद्धा होते. अमृतराव घाम पुसत आत आले. म्हणाले, "उमा, तूच नेस ती साडी. शेवटचा नाच तेवढा गाळू."

मंचाच्या पायऱ्या उंच होत्या. महोत्सव कुणाचा आहे, हे मांडववाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मकसूदनं आपल्या एका हातानं तिला वर ओढून घेतलं.

पहिल्या वाक्यापासून उमादेवी रंगली. जिथं रडायचं होतं तिथं ती भांडली, आणि मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटच्या प्रवेशात मकसूदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, काठी टाक. तुझा पाय बरा झाला."

इथं पडदा पडायचा ठरला होता. पण दोरीवाला नाटक बघण्यात गुंगला होता. सगळे तिच्या पायाकडे बघून राहिले होते. उमादेवी काठी घट्ट धरून उठली.

"ऱ्हाऊ द्या, महाराज. या पायाची मला सवय हाय. तुमच्या हातात खरंच काही असंल तर गावात पाणी आणा."

हे नाटकात नव्हतं. मकसूद क्षणभर गडबडला. मग त्यानं कफनी मागं सारून रिकामी बाही दाखवली. "एका हातानं जेवढं येईल तेवढं आणतो, बेटी." मांडव टाळ्यांनी दणाणला.

पाहुणे भाषणाला उठले. धडधाकट असून अपंगांची व्यथा इतकी हुबेहूब उभी करणारी कलावंत आपण मुंबईतसुद्धा पाहिली नाही, असं ते म्हणाले. चालीचं तर त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. अपंगांसाठी झटणाऱ्या धडधाकट माणसाला द्यायचा चांदीचा पेला त्यांनी तिथल्या तिथं उमादेवीला जाहीर केला. अमृतराव त्यांच्या कानाशी लागायला निघाले, पण एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढायची कशी, म्हणून पुन्हा बसले.

उमादेवी काठी टेकत पुढं आली. पाहुणे हसून म्हणाले, "आता सरळ चाला हो बाई, नाटक संपलं."

"तुमचं संपलं असंल, साहेब," पेला घेत ती म्हणाली. "माझं चालू हाय."

पाहुणे आणखीच हसले. समोर कुणीच हसत नव्हतं. मग त्यांची नजर साडीच्या काठाखालच्या बारक्या पायावर गेली, आणि ते गुपचूप कोचावर जाऊन बसले.

अमृतराव तिला एसटी स्टँडवर गाठायला आले. डोळे भरलेलेच होते. पेला नियमानं धडधाकटांचा, तेवढा परत कर, म्हणाले. पुढच्या वर्षी अपंगांसाठीचा वेगळा देऊ.

"आज मी धडधाकटच होते की," उमादेवी म्हणाली. "तुमच्या पाहुण्यांनीच सांगितलं सगळ्या गावाला."

पेला पिशवीत घालून ती गाडीत बसली. मकसूद शेजारी येऊन बसला, तसं तिनं त्याला विचारलं, "उदगीरला मठापुढं करायचं का हेच नाटक?"

"करू की, ताई. पण पाय बरा करायचा न्हाई, तर साधूला काम काय?"

उमादेवी विचार करत राहिली. "बघू," ती म्हणाली. "तुला सासू करू."