कुंकवाचं बोट

रविवारी मी कलादालनात स्वयंसेवक म्हणून जाते. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, बी.कॉम. झालेय मी. पण सानवी झाल्यावर नोकरी सुटली, नवरा, संदेश, बोटीवर असतो, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणी मला 'अक्षया' म्हणून हाक मारावी असं वाटायचं. दालनाच्या प्रमुख राजश्रीताईंनी चार वर्षांच्या सानवीलाही आणू दिलं. अट एकच, तिचा हात कशाला लागता कामा नये. त्यामुळे माझा एक डोळा सतत तिच्यावर.

गेल्या रविवारी तो डोळा नेमका हलला. गणपतीपुळ्याचं दर्शन करून परतणाऱ्या संगमेश्वरकडच्या काही बायका आल्या होत्या. मधल्या भिंतीवर शिमग्याच्या पालखीचं मोठं चित्र आहे, आत रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लावलेली देवी. बायकांनी चपला बाहेर काढल्या आणि चित्रापुढे हात जोडले. त्यांच्यातल्या सगुणाकाकूंनी पुडीतलं कुंकू सानवीच्या कपाळाला लावलं. "बाय माझी ती!" एवढ्यात दारात कुणी तरी दालनाची वेळ विचारायला आलं, म्हणून मी गेले.

परतले तेव्हा राजश्रीताई चित्रापुढे उभ्या होत्या. देवीच्या कपाळावर लाल बोट उमटलं होतं.

"कुणी केलं हे?"

"या बायका होत्या इथे. कुंकू त्यांच्याकडेच आहे," मी लगेच म्हणाले.

"आमी पाया पडलो फक्त," सगुणाकाकू म्हणाल्या. "हात नाय लावला."

"मग काय कुंकू उडत गेलं? हे देऊळ नाहीये!" राजश्रीताई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या.

तेवढ्यात ताईंच्या पाठीमागे सानवी चित्राखालच्या बाकावरून उतरून माझ्याकडे आली. तिचं बोट लाल होतं, कपाळावरचं कुंकू फिसकटलेलं. घरी रोज सकाळी मीच तिचा हात धरून देवांना कुंकू लावून घेते.

"आई, बघ ना, मी..."

"गप्प!" मी तिचं बोट ओढणीत धरून पुसून टाकलं.

सगुणाकाकूंनी ते पाहिलं. बायका खाली मान घालून बाहेर पडल्या.

मला राहवेना. सानवीला घेऊन मी त्यांच्या गाडीपाशी गेले.

"काकू, चुकलं माझं."

"पोरीनं लावलान ना? मारलंस काय तिला?"

"नाही."

"मारू नको हां. तिनं काय वाईट केलान? देवी दिसली, कुंकू लावलान."

"नि आईनं पुसलान!" मागच्या सीटवरून एक जण म्हणाली. "शिकलेली ना गो ती!" सगळ्या हसल्या.

काकू हसल्या नाहीत. "मला काय सांगतेस? आत जाऊन सांग त्या बाईंना. उद्या आमच्यातलं कोण आलं तर दारातूनच हाकलतील."

"तुम्ही येता का बरोबर?" माझ्या तोंडून निघून गेलं. मलाच लाज वाटली.

"मी कशाला? पोर तुझी." त्यांनी दार ओढून घेतलं. गाडी गेली.

आत राजश्रीताई चष्मा लावून मऊ ब्रशने कुंकू झटकत होत्या.

"ताई, ते सानवीनं केलं. मला तेव्हाच कळलं होतं."

ब्रश थांबला. "तरी तू त्यांना तसंच जाऊ दिलंस?"

"हो."

"आहेत का त्या बाहेर?"

"गेल्या."

"मग आता मी माफी कुणाची मागू, अक्षया?"

संगमेश्वरकडच्या, एवढंच मला माहीत होतं. गावाचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.