गणूचे पाय

सखुबाईने दारातच चपला काढल्या आणि पडद्यासमोरच्या फिरत्या खुर्चीत जपून बसली. पडद्यावर कळव्याचं मिठागर पसरलं होतं. तिथे आता टॉवर आहेत, पण नातवाने, धनेशने, डोंबिवलीतल्या गेम स्टुडिओच्या या दोन खोल्यांत बसून ते खाडीसकट परत आणलं होतं. बांधावर तिचा नवरा गणू उभा होता. जाऊन वीस वर्षं झाली, तरी इथे तिशीतला आणि ताठ. सखुबाईला भरून आलं.

शेजारी ठाण्याच्या कार्यालयातून आलेल्या प्रमोदिनीबाई कागद उघडून बसल्या होत्या. इथल्या मातीतला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओला सरकार करात सवलत देणार होतं. मात्र गेममध्ये दाखवलेलं काम खरं आहे, असं त्या कामातल्या एका जुन्या माणसाने सही करून सांगायचं होतं. सवलत मिळाली नाही तर स्टुडिओ हैदराबादला हलणार होता आणि त्याच्याबरोबर धनेशही. मग सखुबाईला घरात बोलायला भिंतीच उरल्या असत्या.

पेन हातात घेऊन ती थांबली.

"धनू, याच्या पायात काय रं?"

"रबरी बूट, आजी. चिखल असतो ना, म्हणून घातलेले."

"आगरात पायात घालून कोन जातं? मीठ लोकांच्या तोंडात जायाचं असतं."

"अगं, गेममध्ये एवढं कोण बघतंय? सही कर ना."

सखुबाईला सही करायचीच होती. नातू डोळ्यांसमोर राहावा म्हणून तिने याहून मोठं खोटं खुशाल पचवलं असतं. पण रोज दुपारी भाकरी घेऊन ती आगरात कामाला जायची, तेव्हा आधी चपलाच शोधायची. ज्या वाफ्याच्या बांधावर गणूच्या चपला, त्या वाफ्यात गणू. तिने पेन खाली ठेवलं.

"हा माजा मानूस नाय."

प्रमोदिनीबाईंनी कागद मिटला नाही.

"बूट काढता येतील का?" त्यांनी धनेशला विचारलं.

धनेशने दोन-तीन बटणं दाबली. बूट गेले. गणू घोट्यापर्यंतच होता, त्याखाली काहीच नव्हतं.

"बुटाच्या आतलं दिसणार नव्हतं, म्हणून पाय बनवलेच नाहीत," धनेश पुटपुटला. "आता कुठून आणू? आजोबांचा फोटोपण कमरेपर्यंतच आहे."

सखुबाईने लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. टाचांना भेगा होत्या, तळव्यांना मिठाने पाडलेले जुने खड्डे.

"हे घे. त्याच आगरात झिजलेत."

धनेश मोबाइल घेऊन फरशीवर बसला. बराच वेळ त्याला फोटो नीट काढता येईना. प्रमोदिनीबाई घड्याळ न बघता थांबल्या. सहीची जागा अजून कोरीच होती.

"आनि त्याच्या चपला बांधावर ठेव," सखुबाई म्हणाली. "नायतर मला कसं समजंल, तो कुठल्या वाफ्यात हाय?"