उलटा चुंबक

गणित काही केल्या जुळत नव्हतं. मोटर चाचणीच्या टेबलावर ठणठणीत फिरत होती, पण संगणकातली तिची प्रतिकृती चौथाई जोर कमीच दाखवत होती. साहेबांनी ते काम ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या काकांकडून काढून तिला दिलं, तेव्हा तिला अवघडल्यासारखं झालं. चुंबकक्षेत्राची मुळाक्षरं खोलीतल्या सगळ्यांनी काकांकडूनच गिरवली होती. तिनेही.

ती एकेक शंका फेडत गेली. फिरणाऱ्या भागाभोवतीच्या हवेच्या फटीत गणितासाठी पाडलेल्या चौकटींची जाळी पुरेशी बारीक होती. पोलादाची आकडेवारी बरोबर, तारांमधला प्रवाहही बरोबर. शेवटी तिने क्षेत्राच्या रेषा पडद्यावर काढल्या आणि चोर सापडला. आठ चुंबकांचे बाण आळीपाळीने आत-बाहेर असायला हवेत. इथे तिघे शेजारी एकाच दिशेला तोंड करून बसले होते. मधला उलटा.

"काका, हा बघा पठ्ठ्या!"

काका आले आणि खळखळून हसले. "म्हातारचळ, दुसरं काय! थांब, माझी घाण मीच निस्तरतो." त्यांनी बाण सरळ केला. तिने गणित सुरू केलं. ते अर्धा तास चालणार म्हणून जेवायला जाता जाता साहेबांकडे डोकावून आली, "सापडलं" म्हणून.

जेवून आली तर उत्तर तेच. चौथाई कमी. बाण पुन्हा उलटा.

"याला कोणी हात लावला?"

"मीच," काका सहज म्हणाले. "अगं, एक चुंबक उलटा होता. तुझ्या नजरेतून निसटला. सरळ करून गणित पुन्हा लावलं."

काकांना थट्टेची भारी खोड. ती हसणारच होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिचं हसू ओठांतच विरलं.

"काका, सकाळी आपण दोघांनी..."

"सकाळी?"

ते पडद्याकडे बघत राहिले. एकेक बाण बोटाने मोजला. मग चष्मा काढून उगाच पुसत बसले.

"घरी गॅस चालूच राहतो माझ्याकडून," ते हळूच म्हणाले. "बायको म्हणते, लक्ष नसतं तुमचं. मीही तेच धरून बसलो होतो. वाटलं, कामात तरी असं होणार नाही."

"थकला असाल. डॉक्टरांकडे जाऊ, मी येते."

"जाऊ. आधी साहेबांना सांगू दे. आत्ताच. उद्यापर्यंत लक्षात राहील की नाही, कोण जाणे." ते उठले. "तूही चल. मध्येच अडखळलो तर पुढचं तू सांग."

काका अडखळले नाहीत. चूक कुठे, कशी, दोनदा कशी झाली, सगळं त्यांनी शिकवायच्या वेळी सांगावं तसं नीट सांगितलं. आजपासून काम थांबवतो, असंही म्हणाले. सल्लागार म्हणून तरी राहा, असं साहेब म्हणाले. काकांनी नकारार्थी मान हलवली. "चुकीचं उत्तर देण्यापेक्षा न दिलेलं बरं."

संध्याकाळी काकू त्यांना न्यायला आल्या. दारात तिचा हात हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलं होतं गं. पण इथे यायला मिळायचं तोवर ते खुशीत असायचे."

दुसऱ्या दिवशी उत्तर चाचणीशी तंतोतंत जुळलं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. यापुढे फाईलला पासवर्ड घाल, साहेब म्हणाले. ती तो घालायला बसली. फाईल कोणापासून जपायची हे आठवलं आणि डोळे भरून आले. अक्षरं दोनदा चुकली.