पाठीचं माप

आईने सॅक उलटी केली आणि तळाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. दोरा हलला नाही. तरी तिने ती बाजूला सरकवली.

"आई, सॅक आहे ती. भेंडी मोडून बघतेयस का?" धाकटी म्हणाली.

दुकानदार हसला नाही. मान खाली घालूनच त्याने पुढची काढली. "ही बघा काकू. हिचा तळ दुहेरी आहे. सामान घासून कापड आधी तिथेच फाटतं."

काकू. आईचा हात पट्ट्यावर थांबला. थोरला होता तेव्हा हा त्याचा मित्र याच हाकेनं घरात शिरायचा, न विचारता डबे उघडायचा. मग एकदा दोघं सुळक्यावर गेले. थोरला वर चढत होता, हा खाली दोर धरून होता. परत आला तो एकटा. दगडाच्या धारेवर दोर कापला गेला, असं त्यानं सांगितलं. याच्या हातून सुटला, असं लोक म्हणाले. आईने लोकांचं ऐकलं आणि दार लावून घेतलं. या रस्त्याने जाणंसुद्धा सोडलं.

आता धाकटी त्याच सुळक्यावर निघाली होती. आईनं रडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. पोरगी बधली नाही. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पाठीवरचं ओझं तरी मी निवडणार." आणि असल्या सामानाचं दुकान जवळपास हे एकच.

"भरून दाखव," आई म्हणाली. "रिकामी काय, कुठलीही चांगलीच दिसते."

धाकटीनं घरून आणलेल्या चादरीच्या बोचक्याची गाठ सोडली. थोरल्याच्या चढाईच्या खुंट्या आणि लोखंडी कड्या काउंटरवर खळखळल्या. दुकानदार एकेक वस्तू उचलून रचू लागला. जड ते पाठीलगत, हलकं बाहेरच्या बाजूला. शेवटी धाकटीचा नवा दोर घेऊन तो त्याचं वेटोळं करू लागला, तसे त्याचे तळहात उताणे झाले.

आईने ते तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दोन्ही तळव्यांवरून बोटभर रुंद व्रण आडवा गेला होता. कातडी वितळून पुन्हा गोठावी तसा, गुळगुळीत. हाताच्या रेषा तिथं पुसल्या गेल्या होत्या.

जो दोर सोडून देतो, त्याचे हात भाजत नाहीत.

त्यानं मुठी मिटल्या. "बसलं सगळं, काकू."

आईने त्या मुठींवरून नजर काढली. मग धाकटीकडे वळली. "तुझा दोर कोण धरणार?"

"आहे एक मैत्रीण. शिकतेय अजून."

आई उठून काउंटरच्या आत गेली. "उचल," ती दुकानदाराला म्हणाली.

"मी?"

"पाठीवर घे."

त्यानं सॅक चढवली. वजन पाठीला टेकलं तसा त्याचा हात पट्टा उतरवायला गेला. "मी आता जात नाही, काकू. त्यानंतर एकदाही गेलो नाही."

"माहीत आहे मला."

तिने मागून खांद्याचा पट्टा ओढला. मग समोर येऊन कमरेचा पट्टा जुळवला, लहान मुलाचं बटण लावावं तसा.

"हिला दुसरी काढ," ती म्हणाली. "ही तुझ्या मापाची लावतेय. हलू नकोस."